तंबोऱ्यातला गंधार

डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाऊन बसलेल्या प्रत्येकाला हे दृश्य ओळखीचे असेल. गायक मंचावर येतो, श्रोत्यांना नमस्कार करतो, पण लगेच गाऊ लागत नाही. मागे बसलेल्या शिष्यांच्या हातातले तंबोरे एकेक करून जवळ घेतो. खुंटी किंचित पिळतो, मणी सरकवतो, घोडीवरचा दोरा नखाने केसभर पुढेमागे करतो आणि पुन्हा कान लावतो. अशी पाचदहा मिनिटे सहज जातात. मंडपात हजारो माणसे असतात, पण कुणी कुरकुरत नाही.

शाळेतल्या संगीताच्या तासाला मात्र ही पाचदहा मिनिटे लागत नाहीत. टेबलावरच्या डबीचे किंवा मोबाइलचे बटण दाबले की तंबोरा सुरू. तो बेसूर होत नाही, त्याची तार तुटत नाही आणि तो दप्तरातही मावतो. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "सर, बटण दाबून होत असेल तर एवढे मोठे गवई अजून खुंट्या कशाला पिळत बसतात?"

"परंपरा म्हणून" असे उत्तर देऊन विषय मिटवता येईल, पण ते पुरेसे नाही. खरे उत्तर भौतिकशास्त्रात आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग एका भारतीय शास्त्रज्ञाने १९२१ साली दिला आहे.

चार तारा, अनेक स्वर

तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली बहुधा मंद्र पंचमात लावतात. राग पाहून कधी मध्यमात, तर कधी निषादात. मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जात असतात आणि शेवटची, पितळी किंवा काशाची जाड तार खर्जात, म्हणजे जोडीच्या खालच्या सप्तकातल्या षड्जात. म्हणजे लावलेले स्वर दोनच, सा आणि प. तरीही चांगला जुळलेला तंबोरा शांतपणे ऐकला तर त्यात गंधार स्पष्ट ऐकू येतो. गवई त्याला 'स्वयंभू गंधार' म्हणतात. गंधाराची तार तर लावलेली नाही, मग तो येतो कुठून?

हिशोब सोपा व्हावा म्हणून खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा कंप पावते असे धरू. ताणलेली तार एकाच रीतीने कंप पावत नाही. ती सबंध डोलते, त्याच वेळी दोन भागांत डोलते, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांतही डोलते. त्यामुळे १०० च्या जोडीला २००, ३००, ४००, ५०० असे स्वरही तिच्यातून निघतात. यांना संनादी स्वर म्हणतात. यांतले १००, २०० आणि ४०० हे तीन सप्तकांतले षड्ज आहेत, तर ३०० हा पंचम. आता ५०० पाहा. ४०० हा षड्ज धरला तर ५०० त्याच्या सव्वापट होतो, आणि षड्जाच्या सव्वापट म्हणजेच शुद्ध गंधार. पंचमाच्या तारेचाही (१५०) असाच हिशोब मांडला तर तिचा तिसरा संनादी ४५० येतो, म्हणजे रिषभ, आणि पाचवा ७५० येतो, म्हणजे निषाद.

पियानो किंवा कीबोर्डवरचा गंधार याच्याशी जुळत नाही. त्या वाद्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या मापाने ४०० च्या षड्जाचा गंधार ५०० ऐवजी सुमारे ५०४ येतो. ५०० आणि ५०४ एकाच वेळी वाजले की आवाजाला सेकंदाला चार हेलकावे बसतात. कीबोर्डच्या साथीने गाण्याची सवय झालेल्या मुलाला तंबोऱ्यापाशी आपला गंधार चढा का वाटतो, याचे कारण या चार कंपनांत आहे.

तार मधोमध छेडली तर

इथे एक अडचण उभी राहते. तार कुठे छेडली यावर तिच्यातून कोणते संनादी निघणार हे ठरते. इंग्लंडमधील थॉमस यंग यांनी सुमारे १८०० साली दाखवून दिले की, ज्या संनादीत तारेचा एखादा बिंदू स्थिर राहतो, त्याच बिंदूवर तार छेडली तर तो संनादी निघत नाही. अशा स्थिर बिंदूला निस्पंद बिंदू म्हणतात. पुढे जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनीही याचा अभ्यास केला.

तंबोऱ्याची तार आपण साधारण मध्याजवळ छेडतो, आणि तीही नखीने नव्हे तर बोटाच्या मऊ पेराने. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या संनादीचा निस्पंद बिंदू नेमका मध्यावर येतो. म्हणजे नियमाप्रमाणे हे सगळे गायब व्हायला हवेत. पाचव्याला बंदी नाही, पण मधोमध छेडलेल्या तारेत त्याची डोलण्याची व्याप्ती मूळ स्वराच्या पंचविसाव्या भागाएवढीच असते, आणि मऊ बोटामुळे ती आणखी घटते. या हिशोबाने तंबोऱ्याचा आवाज बोदा यायला हवा. प्रत्यक्षात तो झणकारतो, आणि गंधार तर छेडल्यानंतर क्षणभराने उमलत जातो.

रामन यांचे उत्तर

चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रकाशावरील कामासाठी. त्याआधी कोलकात्यात त्यांनी वाद्यांवर पुष्कळ संशोधन केले होते. १९२१ साली त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्यावर एक छोटा निबंध लिहिला. या वाद्यांच्या तारा यंगचा नियम पाळत नाहीत, आणि त्याचे कारण घोडीत आहे, असे त्यांनी त्यात दाखवले.

व्हायोलिनच्या घोडीची कड धारदार असते. तार तिच्यावर एका रेषेत टेकते आणि तिथे तिची लांबी संपते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी हलका उतार असतो. तारेखाली सरकवलेला सुती किंवा रेशमी दोरा तिला केसभर उचलून धरतो. मग कंप पावताना तार प्रत्येक फेऱ्यात घोडीच्या उताराला हलकेच टेकते आणि सुटते. खर्जाची तार सेकंदाला शंभर वेळा असा स्पर्श करते. प्रत्येक स्पर्शाबरोबर तारेला जणू पुन्हा बारीक टिचकी बसते, तीही मध्यावर नव्हे तर अगदी टोकाशी. टोकाशी कोणत्याही संनादीला बंदी नाही, म्हणून सगळेच जागे होतात. नवी ऊर्जा कुठून आलेली नसते. मूळ स्वराची ऊर्जा थोडीथोडी वरच्या संनादींकडे वळते. गंधार लगेच न येता उमलत येतो तो यामुळेच.

घोडीच्या या घडणीला आणि तिच्यामुळे येणाऱ्या झणकाराला आपण जवारी म्हणतो.

मिरजेतले हात

पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. इथले शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शस्त्रांची कामे कमी झाली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांच्यासारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या वंशजांनी आणि शिष्यांनी तो व्यवसाय वाढवला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावात राहत. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. गुरूच्या स्मरणार्थ जोशी यांनी पुण्यात १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. तेव्हा पुण्याच्या मंडपातला सूर आणि मिरजेच्या गल्लीतली कानस यांचे नाते जुने आहे.

तंबोऱ्याची सुरुवात शेतात होते. त्याचा भोपळा भाजीचा नव्हे, जाड सालीचा कडू भोपळा. तो मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. वेलावर पक्व झालेला भोपळा महिनोन्‌महिने वाळवतात, मग कापून आतून साफ करतात. त्याच्या तोंडावर पातळ लाकडाची तबली बसवतात. तार अगदी बारीक असते, तिने एकटीने हवा फारशी हलत नाही. तारेची कंपने घोडीतून तबलीत उतरतात, आणि तबली व भोपळ्यातली हवा मिळून ती खोलीभर पसरवतात. तबली जाड राहिली तर आवाज दबतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने खचते.

सर्वांत अवघड काम जवारीचे. कारागीर घोडीचा माथा कानशीने किंचित घासतो, तार चढवतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. हा उतार इतका अल्प असतो की डोळ्यांना घोडी सपाटच दिसते. तो कुठल्या मापपट्टीने ठरत नाही, कानाने ठरतो. वर्षानुवर्षे वाजून तारेने घोडीला बारीक चऱ्या पडल्या की जवारी पुन्हा काढावी लागते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण मिळाले. कान मात्र तालमीनेच तयार होतो, आणि ती तालीम घेणारी नवी मुले हवीत.

डबीतला तंबोरा

इलेक्ट्रॉनिक तंबोरा बेंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली तयार केला. सुरुवातीच्या यंत्रांत विद्युत्‌मंडलाने तारेसारखा आवाज निर्माण केला जाई. पुढे स्मृतिचिप स्वस्त झाल्या आणि खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनी अंकांच्या रूपात साठवता येऊ लागला. सीडीच्या प्रमाणात आवाज नोंदवायचा तर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे मोजमाप घेऊन अंकांत लिहावे लागते. वाजवताना त्या अंकांपासून पुन्हा ध्वनी बनतो. तिसरी रीत अलीकडची. तार, दोरा आणि घोडी यांच्या हालचालीची समीकरणे संगणक त्याच क्षणी सोडवतो आणि त्यातून आवाज काढतो.

पियानोचीही अशीच संगणकीय रूपे निघाली आहेत. त्याच्या ८८ पट्ट्या असतात, म्हणून काम जास्त किचकट वाटेल. पण पियानोचा हातोडा तारेवर आपटून लगेच मागे फिरतो. त्यानंतर तार मोकळी असते. तंबोऱ्याची तार मात्र आवाज विरेपर्यंत घोडीशी बोलत असते. चारच तारांचे हे वाद्य गणिताने उभे करणे म्हणूनच सोपे नाही.

मोबाइलवर ऐकताना आणखी एक गंमत घडते. त्याच्या इवल्याशा कर्ण्यातून १०० कंपनांचा खर्ज जवळजवळ निघतच नाही. तरी आपल्याला तो ऐकू आल्यासारखा वाटतो. ३००, ४००, ५०० हे स्वर कानावर पडले की त्यांतले शंभरशंभरचे अंतर मेंदू ओळखतो आणि हरवलेला मूळ स्वर आपल्या पदरचा भरतो.

मग डबी वाईट का?

मुळीच नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, बसने शाळेत येणाऱ्या मुलीला चार फुटी तंबोरा परवडणारा नाही, आणि नेता येणाराही नाही. डबीमुळे तिला रोज पहाटे पक्का षड्ज मिळतो. हा लाभ मोठा आहे.

पण दोन गोष्टी डबी करू शकत नाही. पहिली, खरा तंबोरा आपल्याला प्रतिसाद देतो. त्याच्याजवळ बसून सुरात आकार लावा आणि एकदम थांबा. न छेडलेली तार गुणगुणताना ऐकू येईल. आवाज बेसूर असेल तर ती गप्प राहील. यालाच अनुनाद म्हणतात. डबीला आपण काय गातो याचा पत्ता नसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तंबोरा उतरतो. मंडपात संध्याकाळचा गारवा वाढला की तारा आकसतात आणि चढतात. पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण-आकुंचन पावते, म्हणून खर्ज आणि जोडी यांचे प्रमाणही बिघडते. पावसाळ्यात लाकूड फुगते. म्हणजे तंबोरा पुन:पुन्हा जुळवावाच लागतो. जुळवताना कान हेलकावे ऐकायला शिकतो, ते मंदावत कधी नाहीसे झाले हे ओळखायला शिकतो. आपण ज्याला वाद्याचा दोष म्हणतो, तोच शिकणाऱ्याचा रोजचा पाठ असतो. डबी तयार उत्तर देते. त्यामुळे गणित सोडवण्याची सवय जाते. गवई मंचावर जी पाचदहा मिनिटे घेतो, त्यांत तो हे गणित सर्वांसमक्ष सोडवत असतो.

वर्गात करून पाहा

१. तंबोऱ्याची एक तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच त्याच बिंदूला बोट हलकेच लावून काढून घ्या. मूळ स्वर थांबेल, पण वरचा षड्ज गुंजत राहील. यंगच्या नियमाने तो तिथे असायलाच नको.

२. आता घोडीच्या पुढच्या कडेपाशी तारेखाली काडेपेटीतली काडी सरकवा, म्हणजे तार फक्त काडीवर टेकेल. पहिला प्रयोग पुन्हा करा. झणकार गेलेला असेल, आणि बोट लावताच तार जवळजवळ मुकी होईल.

३. काडी काढून जवारीचा दोरा सावकाश सरकवा. आवाज केव्हा बंद, केव्हा खुला होतो आणि गंधार कोणत्या जागी उमलतो, ते मुलांना डोळे मिटून सांगू द्या. मग हाच गंधार डबीत आणि कीबोर्डवर शोधायला सांगा.

शाळेत तंबोरा नसेल तर गावातल्या गायनशाळेत अर्धा तास मागून घ्यावा. पुण्यातल्या शाळांनी राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या सहलीत वाद्यांपाशी थोडा जास्त वेळ थांबावे आणि प्रत्येक तंतुवाद्याची घोडी मुलांना निरखायला सांगावी. कोणती धारदार, कोणती रुंद, हे पाहून त्या वाद्याचा आवाज कसा असेल याचा अंदाज मुले बांधू शकतील.