घराचें मोल आणि तें ठरविणारा

सोन्याचा भाव सराफाच्या पेढीवर कळतो, धान्याचा बाजारपेठेंत. एक तोळा शुद्ध सोनें दुसऱ्या तोळ्यासारखेंच असतें, म्हणून हें शक्य होतें. घराचें तसें नाहीं. एकाच आळींत भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या दोन घरांचेंही मोल सारखें नसतें. एकांत जुना भाडेकरू राहत असतो, दुसरें मोकळें असतें. एकाच्या दारापुढचा रस्ता रुंद व्हावयाचा असतो, तर दुसऱ्याच्या मालकीची वाटणी दोन पिढ्या अडून राहिलेली असते. या सर्वांचा हिशेब करून एक आंकडा सांगणारा जो जाणता, त्यास व्यवहारांत व्हॅल्युअर आणि मराठींत मूल्यांकनकार म्हणतात.

या आंकड्याकडे प्रत्येकजण आपापल्या सोयीनें पाहतो. कर्ज काढणाऱ्यास तो मोठा हवा असतो, कर भरणाऱ्यास लहान. भावाभावांच्या वाटणींत घर ठेवून घेणारा भाऊ मोल कमी सांगतो, आणि पैसे घेऊन बाहेर पडणारा जास्त. घर मात्र एकच असतें. म्हणून मूल्यांकनकाराच्या अंगीं दोन गोष्टी लागतात: ज्ञान आणि अलिप्तता. पहिली परीक्षेनें पारखतां येते. दुसरी आचरणांतच दिसते.

ज्ञानाचा भाग आधीं पाहूं. मोल काढण्याच्या मुख्य रीती तीन आहेत. जवळपास नुकत्याच झालेल्या विक्रींशीं तुलना करणें ही पहिली. घराच्या भाड्याच्या उत्पन्नावरून भांडवली किंमत काढणें ही दुसरी. जमिनीची किंमत धरून तींत बांधकामाचा आजचा खर्च मिळविणें आणि वयोमानानें झालेली झीज वजा करणें ही तिसरी. कोणती रीत कोठें लावावी यांतच खरें कौशल्य आहे. मुंबईतील एखादी जुनी चाळ घ्या. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळें व पुढें त्याची जागा घेणाऱ्या 1999 च्या कायद्यामुळें तेथील भाडीं दीर्घकाळ अत्यल्प राहिलीं. केवळ भाड्यावरून हिशेब केला तर इमारत कवडीमोल ठरते. त्याच भूखंडावर नवी इमारत उठण्याची शक्यता धरली तर मोल अनेक पटींनीं वाढतें. मुद्रांकशुल्कासाठीं सरकार ठरवितें त्या दरपत्रकानेंही हा प्रश्न पुरता सुटत नाहीं. कारण तें विभागाचा दर सांगतें, विशिष्ट घराचे गुणदोष सांगत नाहीं.

भारतांत या व्यवसायास कायद्याची चौकट प्रथम करांच्या निमित्तानें मिळाली. 1957 च्या संपत्तिकर कायद्यांत 1972 सालीं मूल्यांकनकारांच्या नोंदणीची तरतूद झाली. तो कर 2015 सालीं उठला. परंतु पुढें 2013 च्या कंपनी कायद्याचें 247 वें कलम आणि त्याखालीं 2017 चे नियम यांनीं नवी व्यवस्था घडविली. त्या नियमांप्रमाणें जमीन व इमारती यांच्या मूल्यांकनासाठीं स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांतील पदवी आणि त्यानंतर पांच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण झालेलें असेल तर अनुभव तीन वर्षांचा पुरतो. शिवाय मान्यताप्राप्त संस्थेचें सभासदत्व, ठराविक अभ्यासक्रम आणि परीक्षा या पायऱ्या आहेतच.

अलिप्ततेविषयींही हे नियम स्पष्ट बोलतात. ज्या मालमत्तेंत मूल्यांकनकाराचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तिचें मूल्यांकन त्यानें करूं नये. हें बंधन नेमणुकीच्या आधींच्या तीन वर्षांस आणि मूल्यांकनानंतरच्या तीन वर्षांस लागू आहे. काम फत्ते झालें तरच मिळणारें शुल्क त्यानें घेऊं नये. गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणें बेतलेलें सोयीचें मूल्यांकन तर स्पष्टपणें निषिद्ध आहे. यामागील विचार सरळ आहे. ज्याची मिळकत आंकड्याबरोबर वाढते, त्याचा आंकडा साक्ष राहत नाहीं. तो सौदा होतो.

ही अलिप्तता कोणासाठीं, याचें उत्तर इंग्लंडांतील नॉर्विच शहरच्या एका खटल्यांत मिळतें. एका बाईनें कर्ज काढून साधेंसें घर घेतलें. कर्ज देणाऱ्या संस्थेनें नेमलेल्या तज्ज्ञानें महत्त्वाच्या दुरुस्तीची गरज नाहीं असें लिहिलें होतें, आणि त्यावर विसंबून बाईनें स्वतंत्र तपासणी केली नाहीं. घरांतील धुराड्याचा खालचा आधार मात्र पूर्वींच काढून टाकलेला होता. दीड वर्षानें वरच्या विटा छत फोडून आंत कोसळल्या. अहवालांत जबाबदारी नाकारणारें वाक्य छापलेलें होतें. तरीही 1989 सालीं उमरावांच्या सभेनें, जी त्या वेळीं तेथील सर्वोच्च न्यायपीठ होती, तज्ज्ञासच जबाबदार धरलें. नेमणूक संस्थेची असली तरी त्या शब्दांवर एक सामान्य घरधनीण आपली पुंजी लावणार, हें त्यास ठाऊक असावयास हवें होतें, असा त्या निर्णयाचा आशय.

म्हणून घर घेतांना, गहाण ठेवतांना वा वाटून घेतांना शहाण्या गृहस्थानें केवळ शेवटचा आंकडा पाहूं नये. मोल कोणत्या तारखेचें, कोणत्या हेतूनें, कोणत्या रीतीनें काढलें, घर आंतून पाहिलें काय, आणि शुल्क कोणी व कोणत्या अटीवर दिलें, हे पांच प्रश्न विचारावे. खऱ्या मूल्यांकनकारास या प्रश्नांचा राग येत नाहीं. त्यांचीं उत्तरें त्याच्या अहवालांत आधींच लिहिलेलीं असतात.