गगनबावडा : घाटमाथ्यावरील एक लहान मुलूख

कोल्हापूरच्या बाजूस बावडा हें नांव धारण करणारीं तीन गांवें आहेत, आणि नवख्या पाहुण्याची त्यांत हटकून फसगत होते. एक शहराला लागलेलें कसबा बावडा. दुसरें सह्याद्रीच्या पायथ्याशीं कोंकणांत असलेलें भुईबावडा. आणि तिसरें त्याच भुईबावड्याच्या डोक्यावर, घाटमाथ्याला असलेलें गगनबावडा. एक बावडा भुईवर व एक गगनांत, अशी ही जोडी ज्या कोणीं बांधली त्याला भूगोल चांगला समजत असला पाहिजे. कारण या दोन गांवांमध्यें जो उभा कडा आहे, त्याच्यावांचून गगनबावड्याचा इतिहास लिहितां येत नाहीं, तेथील पाऊस सांगतां येत नाहीं, आणि तेथें माणसें इतकीं थोडीं कां, या प्रश्नाचें उत्तरही देतां येत नाहीं.

गगनबावडा कोल्हापूरच्या पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटरांवर आहे. कोल्हापूर सोडून कळ्यावरून पुढें निघालें म्हणजे प्रथम उंसाचे मळे लागतात, मग भाताचीं खाचरें, मग दोहों बाजूंनीं डोंगर जवळ येऊं लागतात. इतका वेळ आपण हळूहळू चढत असतों, परंतु ती चढण ध्यानांत येत नाहीं. गांव संपतांच मात्र जमीन एकदम संपते. समोर हजार-दीड हजार फूट खालीं कोंकण पसरलेलें दिसतें. येथून रस्त्याला दोन फांट्या फुटतात. एक करूळ घाटानें वैभववाडीकडे व तळेऱ्याकडे उतरते. दुसरी भुईबावडा घाटानें खारेपाटणच्या बाजूस जाते. नकाशा काढतांना मुलें पुष्कळदां सह्याद्रि म्हणजे दोन्हीं बाजूंस सारखा उतार असलेली रांग असा काढतात. तसा तो नाहीं. पूर्वेकडून तो सौम्य चढ आहे व पश्चिमेकडून ती भिंत आहे. गगनबावड्यास उभें राहिल्यावर हें जितकें स्पष्ट दिसतें तितकें कोणत्याही पुस्तकांत दिसत नाहीं.

आतां हा कडा म्हणजे अडथळा. परंतु जेथें अडथळा असतो तेथेंच वाटेला किंमत येते. घाटाच्या खालीं खारेपाटण हें एक फार जुनें बंदर होतें. विजयदुर्गच्या खाडीनें गलबतें आंत येत व तेथें माल उतरे. दक्षिण कोंकणच्या शिलाहारांपैकीं रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट याच खारेपाटणास सांपडला. मीठ, खोबरें, सुकी मासळी हा माल बैलांच्या पाठीवर घालून वर आणावयाचा आणि देशावरचें धान्य व गूळ खालीं न्यावयाचा, हा व्यवहार घाटवाटांवर शेंकडों वर्षें चालला. अशा वाटेच्या तोंडाशीं जो बसेल त्याच्या हातीं तिची किल्ली राहणार. गांवाशेजारचा गगनगड तेवढ्यासाठींच आहे. समुद्रसपाटीपासून सातशें मीटरांच्या आसपास उंचीचा हा गड बाराव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यांतील दुसऱ्या भोजानें बांधला असें सांगतात. पन्हाळा ही या राजाची राजधानी. पुढें सुमारें १२१२ सालीं देवगिरीच्या सिंघण यादवानें त्याचा पराभव केला व तें राज्य बुडालें. राजे बदलले, तरी वाट तीच राहिली व गडाचें कामही तेंच राहिलें.

मराठ्यांच्या काळांत या मुलखाला जो धनी मिळाला त्याचें नांव प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावें. रामचंद्रपंत अमात्य हे १६७४ सालीं शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळीं अष्टप्रधानांत होते, आणि त्या मंडळांत वयानें सर्वांत लहान होते. १६८९ नंतर राजाराममहाराज जिंजीस गेले असतां महाराष्ट्राचा कारभार त्यांनींच संभाळला. ‘हुकुमतपनाह’ हा किताब त्यांस त्या कामगिरीसाठीं मिळाला. पुढें ते ताराबाईंच्या व कोल्हापूरच्या पक्षाला राहिले, आणि बावडा ही त्यांच्या घराण्याची जहागीर झाली. या घराण्याला पंत अमात्य बावडेकर म्हणतात तें त्यामुळें. १७१५ सालचें आज्ञापत्र हा राजनीतीवरील मराठी ग्रंथ रामचंद्रपंतांचा मानला जातो. त्यांत गडकोटांविषयींचें प्रकरण आहे. गड कोठें बांधावा, पाणी पाहिल्यावांचून कां बांधूं नये, जवळचा दुसरा उंच डोंगर कां धोक्याचा, हें सर्व त्यांत बारकाईनें सांगितलें आहे. आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावूं नये, हा प्रसिद्ध उपदेशही त्याच ग्रंथांतला. ज्यानें घाटमाथ्याचें रान व तेथील माणसें पाहिलीं आहेत, त्याच्या लेखणीला हें सुचावें यांत मला तरी नवल वाटत नाहीं.

त्यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. बावड्याची जहागीर कोल्हापूर संस्थानच्या ताब्याखालीं चालली. १८४४ सालीं कोल्हापूर प्रांतांत गडकऱ्यांनीं बंड केलें. त्यानंतर इंग्रजांनीं तेथील गडांची तटबंदी मोडून टाकली, त्यांत गगनगडही आला. आज गडावर विठ्ठलाईचें देऊळ आहे, गैबी पिराचें स्थान आहे, आणि गगनगिरी महाराजांचा मठ आहे. गडावर जाणारे बहुतेक लोक दर्शनासाठींच जातात. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें व हा मुलूख कोल्हापूर जिल्ह्यांत आला. गगनबावडा आज तालुक्याचें ठिकाण आहे. त्याच तालुक्यांत पळसंबे येथें ओढ्याकांठीं एकसंध खडकांत कोरलेलीं रामलिंगाचीं जुनीं मंदिरें आहेत. गडापेक्षांही तीं पाहण्यासारखीं आहेत, असें माझें मत आहे.

आतां पावसाकडे वळूं. अरबी समुद्र येथून सरळ रेषेंत पन्नासएक किलोमीटरांवर आहे. जूनमध्यें पश्चिमेकडचा दमट वारा सुटतो, कोंकण ओलांडून या भिंतीवर आदळतो व नाइलाजानें वर चढतो. वर चढतांना हवा थंड होते. थंड हवेला आपली सारी वाफ धरून ठेवतां येत नाहीं, आणि ती वाफ पावसाच्या रूपानें माथ्यावर कोसळते. गगनबावड्यास वर्षाला सरासरीनें पांच हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे दोनशें इंचांच्या वर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरांत तो एक हजार मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे चाळीस इंच. आणखी पूर्वेस शिरोळकडे गेलें कीं तो त्याच्याही निम्म्यावर येतो. एकाच जिल्ह्यांत, सकाळीं निघून दुपारीं पोहोंचतां येईल इतक्या अंतरांत, पावसाचा दहापट फरक! पडलेलें सारें पाणी न वाहतां जागच्या जागीं सांठलें असतें तर गगनबावड्याचीं कौलारू घरें आढ्यापर्यंत बुडालीं असतीं.

परंतु तें पाणी तेथें राहत नाहीं, आणि या लेखांतील खरा मुद्दा हाच आहे. माथ्यावर जांभ्या दगडाचे सपाट सडे आहेत, त्यांच्यावर मातीचा थर पातळ. बाजूंना तीव्र उतार. पडलेलें पाणी तासाभरांत ओढ्याला लागतें. कड्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब विजयदुर्गच्या खाडीनें दोन दिवसांत समुद्राला मिळतो. चार पावलें पूर्वेस पडलेला त्याचा भाऊ कुंभी नदींत जातो. कुंभी भोगावतीला मिळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला भेटते, आणि कृष्णेबरोबर तो थेंब हजार किलोमीटरांहून अधिक वाट चालून बंगालच्या उपसागरांत पडतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्यें कोल्हापुरांतील मंडळी सकाळीं उठून दोन आंकडे पाहतात : गगनबावड्यास रात्रीं पाऊस किती झाला, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलें. ४३ फूट ही धोक्याची पातळी. २००५, २०१९ व २०२१ या सालांचे महापूर ज्यांनीं पाहिले त्यांना या आंकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

हेंच पाणी पूर्वेच्या खोऱ्यांत सोनें होतें. कुंभी व कासारी या नद्यांचीं नांवें घेतलेला सहकारी साखर कारखाना करवीर तालुक्यांत कुडित्र्यास आहे. कुंभीवर लखमापूरजवळ धरण बांधलें गेलें, गगनबावडा तालुक्यांतही पुढें वेसरफ-पळसंबे येथें कारखाना निघाला, आणि नदीकांठच्या गांवांत ऊंस आला. परंतु उंचावरच्या वाड्यांना त्याचा उपयोग थोडा. तेथें भात, नाचणी, वरी हींच पिकें. मृगाच्या आधीं जळण व गोवऱ्या घरांत भरून घ्यावयाच्या, घोंगडें-इरलें काढावयाचें, आणि चार महिने धुक्यांत काढावयाचे. रानांतला गवा कळपानें उतरून रात्रींत उभें पीक फस्त करतो, तो त्रास निराळाच. आणि ज्या वाडीच्या छपरावर दोनशें इंच पाऊस पडला, त्याच वाडींतल्या बायका एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन दूरच्या झऱ्याकडे चालत जातात. घाटमाथ्यावर हें अनेक ठिकाणीं घडतें. आकाशांतून किती पडलें यापेक्षां जमिनींत किती मुरलें, हा प्रश्न विहिरीच्या दृष्टीनें मोठा आहे.

लोकसंख्येचे आंकडे या पार्श्वभूमीवर वाचावेत. २०११ च्या जनगणनेंत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. बारा तालुक्यांपैकीं गगनबावडा तालुक्यांत त्यांतलीं जेमतेम ३६ हजार माणसें होतीं. शंभरांत एकही पुरतें नाहीं. जिल्ह्यांत दर चौरस किलोमीटरला सरासरीनें ५०० च्या वर माणसें राहतात. येथें सव्वाशेंच्या आसपास. तालुक्यांत मोठें शहर नाहीं. डोंगराच्या कुशींत विखुरलेल्या लहान लहान वाड्या, धनगरांचे वाडे, व रस्त्यालगतचीं कांहीं गांवें इतकाच त्याचा विस्तार. जमीन थोडी, हंगाम एक, म्हणून घरटीं एखादा मुलगा कोल्हापूर, पुणें किंवा मुंबईस नोकरीला जातो, आणि गणपतीला व शिमग्याला परत येतो. पालकांनो, यांत त्या मुलाचा दोष नाहीं. जिल्ह्याला पाणी पुरविणाऱ्या मुलखानें आपल्याच मुलांना पोसूं नये, हा हिशेब मात्र विचार करण्यासारखा आहे.

अशा गांवांचें पुढें काय होतें तें पाहण्यासाठीं क्षणभर परदेशांत जाऊं. स्वित्झर्लंडमध्यें गोठार्ड खिंडीच्या पायथ्याशीं अँडरमॅट नांवाचें लहान गांव आहे. वस्ती दीड हजारांच्या आसपास. आल्प्स पर्वत ओलांडून इटलीकडे जाणाऱ्या वाटेवर तें बसलेलें. ओझ्याचीं जनावरें हांकणारे, मागाहून घोडागाड्यांतून येणारे प्रवासी, त्यांना लागणाऱ्या खाणावळी, यांवर तें गांव जगलें. १८८२ सालीं गोठार्डचा सुमारें पंधरा किलोमीटर लांबीचा रेल्वेबोगदा खुला झाला. तो गांवाच्या पोटाखालून गेला. ज्या प्रवाशाला पूर्वीं तेथें रात्र काढावी लागे, तो आतां डब्यांत बसून अंधारांतून पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे जाऊं लागला, आणि त्या गांवाला लष्कराच्या छावणीवर व पुढें बर्फावरील खेळांसाठीं येणाऱ्या पाहुण्यांवर पोट भरण्यास शिकावें लागलें. १९८० सालीं मोटारींचा बोगदाही तसाच खालून निघाला.

गगनबावड्यालाही आतां असाच प्रश्न पडणार आहे. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पूर्ण चालूं झाली व घाटाखालीं वैभववाडीस स्टेशन आलें. कोल्हापूर ते वैभववाडी असा सुमारें शंभर किलोमीटरांचा नवा लोहमार्ग मंजूर झालेला आहे. रूळ मात्र अद्याप पडलेले नाहींत. कडा उतरावयाचा म्हणजे बोगदे आलेच. तोंवर सारी वाहतूक दोन घाटांवरच आहे, आणि ती किती नाजूक आहे तें २०२४ सालीं दिसून आलें. करूळ घाट रुंदीकरणासाठीं बंद ठेवला गेला, आणि गाड्या भुईबावडा घाटाच्या अरुंद वळणांवरून वळवाव्या लागल्या. त्या दिवसांत माथ्यावरच्या चहाच्या टपरीवाल्यापासून कोंकणांतून आंबा-काजू आणणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांनाच रस्ता बंद होणें म्हणजे काय, हें समजलें. रेल्वेची आंखणी जेव्हां प्रत्यक्ष जमिनीवर उतरेल, तेव्हां गाडी गगनबावड्याच्या माणसांसाठीं थांबेल, कीं त्यांच्या पायांखालून निघून जाईल, हें स्टेशनाची जागा कोठें धरली जाते यावरून ठरेल.