चार वॅट जातात कुठे?

कळवणला सभेचा मंडप पडला की एक प्रकार हमखास ऐकू येतो. वक्ता माइकला तोंड लावून ओरडतो आणि कर्ण्यातून आवाज वाढण्याऐवजी फाटतो. आपण म्हणतो, मशीन कमी शक्तीचे आहे. खरे म्हणजे त्याला पचेल त्यापेक्षा जास्त खुराक मिळालेला असतो!

बिनतारी यंत्रातही हेच घडते. समजा, एका हौशी प्रेषकाचे यंत्र २८ मेगाहर्ट्‌झवर ४ वॅट देते. पण पुढच्या रेषीय विवर्धकाला हवा आहे १ वॅट. ‘रेषीय’ म्हणजे आत येणारी लहर दुप्पट झाली, तर बाहेरचीही दुप्पट. हे एका मर्यादेपर्यंतच चालते. त्यापुढे लहरींचे शेंडे छाटले जातात, ५६ व ८४ मेगाहर्ट्‌झच्या नको त्या लहरी उमटतात आणि ट्रान्झिस्टर जळूही शकतो.

उपाय अगदी स्वस्त आहे. यंत्र व विवर्धक यांना जोडणाऱ्या तारेत ३७.५ ओहमचा रोधक घाला आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून जमिनीकडे १५० ओहमचा एकेक रोधक जोडा. आता पडताळा पाहा. विवर्धकाचे ५० ओहम आणि १५० ओहम समांतर, म्हणजे ३७.५. त्यात मधले ३७.५ मिळवा, झाले ७५. पुन्हा १५० समांतर, की आले ५०! म्हणजे यंत्राला काही बदलल्याचे कळतच नाही. व्होल्टेज मात्र निम्मे आणि शक्ती पाव होते. उरलेल्या ३ वॅटांची उष्णता होते. पहिल्या व मधल्या रोधकात प्रत्येकी सुमारे १.३३ वॅट, तिसऱ्याचे उत्तर तुम्ही काढा. बोलताना शक्ती याहून वाढते, म्हणून रोधक चांगले दणकट हवेत. तारेच्या वेटोळ्यांचे मात्र नकोत. इतक्या कंपनसंख्येला ते वेटोळ्यासारखेच वागतात.

एक गोष्ट कायद्याची. २७ मेगाहर्ट्‌झच्या नागरी पट्ट्यात भारतात २००५ पासून परवाना लागत नाही, पण मर्यादा ५ वॅटांची. तिथे विवर्धक जोडता येत नाही. हौशी परवान्याची परीक्षा मात्र बाराव्या वर्षापासून देता येते.

आणि एवढा खटाटोप करून मिळते किती? शक्ती चौपट केली, तर ऐकणाऱ्याच्या मापकाचा काटा जेमतेम एक घर सरकतो. मध्ये सप्तशृंगाचा डोंगर असेल, तर त्याच पैशांत एरियलचा बांबू उंच करणे मला अधिक पटते.