अंगणातली फरशी का उठते?

घरापुढे हौसेने गट्टू बसवावेत, पहिला पावसाळा सरावा आणि सपाट अंगणाला उलट्या कढईसारखा फुगवटा यावा, हा अनुभव मराठवाड्यात नवा नाही. शाळांच्या पटांगणांतही तो दिसतो. ध्वजस्तंभाभोवतीचा ओटा एका अंगाने उचललेला असतो, प्रवेशद्वाराजवळची फरशी पायाखाली डुगडुगते. दोष बहुधा गवंड्याला दिला जातो, नाहीतर गट्टूंच्या दर्जाला.

मीही तेच केले. छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या घरापुढचे अंगण मी २०२२ च्या मे महिन्यात फरसबंद करून घेतले. ऑक्टोबरात माझी आई वर आलेल्या एका गट्टूला ठेचकाळून पडली आणि तिचे मनगट मोडले. गवंड्याला बोलावून मी बरेच काही ऐकवले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "साहेब, नकाशा कोणाचा होता?"

नकाशा मीच दिला होता, आणि मला तो माझ्या ताईने पाठवला होता. ताई अमेरिकेत मिनियापोलिसला राहते. तिकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि तरीही तिच्या दारातली गट्टूंची पायवाट वर्षानुवर्षे जागची हललेली नाही. रीत सोपी होती. माती खणून काढायची, खड्ड्यात धुतलेली जाड खडी भरायची, त्यावर बोटभर वाळू आणि वर गट्टू. इतक्या कडक थंडीत जे टिकते ते आपल्याकडे सहज टिकेल, असे मी धरून चाललो. माझा विषय पदार्थविज्ञान आहे, त्यामुळे ही चूक अधिकच लाजिरवाणी.

थंड मुलखात फरशी उठते ती बर्फामुळे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते हे आपण सातवी-आठवीत शिकवतो आणि त्यावरून जमीनही तेवढ्यामुळेच उचलली जात असेल असे वाटते. पण हिशेब करून पाहा. एक मीटर जाडीच्या मातीत ४० टक्के जागा पाण्याने भरलेली आहे असे धरले, तर ते सगळे पाणी गोठून माती जास्तीत जास्त साडेतीन सेंटिमीटर वर येईल. प्रत्यक्षात तिकडचे रस्ते याच्या कितीतरी पट उचलले जातात. मग बाकीचे काम कोण करते?

स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने याचा छडा लावला. १९३० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने एक झकास प्रयोग सांगितला आहे. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरले आणि माती वरून गोठवली. बेंझीन साधारण साडेपाच अंश सेल्सिअसला गोठते आणि गोठताना पाण्यासारखे फुगत नाही, आकसते. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे गोठताना फुगणे हे मुख्य कारण नव्हतेच. बारीक मातीच्या कणांभोवती पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. तो शून्याच्या थोडे खाली गेले तरी द्रवच राहतो. गोठणाऱ्या थराकडे या पापुद्र्यांतून खालचे पाणी ओढले जाते, कंदिलाच्या वातीत तेल चढते तसे. तिथे पोचले की ते गोठते, पुन्हा नवे पाणी येते, आणि जमिनीत बर्फाच्या भिंगासारख्या चकत्या वाढत जातात. फरशी उचलतात त्या या चकत्या. वसंतात बर्फ वितळले की खाली चिखल उरतो आणि उचललेली फरशी वाकडीतिकडी बसते.

एकदा हे कळले की ताईच्या खडीचा अर्थ लागतो. पाणी वर चढायला बारीक छिद्रे हवीत. खडीतल्या पोकळ्या मोठ्या, त्यांत वात तयारच होत नाही. शिवाय खडीतले पाणी बाजूला निघून जायला तिथे वाटही ठेवलेली असते. घराच्या पायाची गोष्ट वेगळी. त्याला कशानेही हलून चालत नाही, म्हणून मिनियापोलिसकडच्या बांधकाम नियमांत तो निदान ४२ इंच, म्हणजे गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. गट्टूंना तेवढे खोल जायची गरज नसते.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. आपली जमीन दख्खनच्या बेसाल्टची. हा काळा पाषाण झिजून, कुजून दोन वस्तू तयार होतात. अर्धवट झिजला की मुरूम, आणि पुरता झिजला की काळी माती. टेकडीच्या उतारावर हातभर खणले की मुरूम लागतो, सखल भागात पुरुषभर खणले तरी काळीच निघते. आमचे घर दुसऱ्या प्रकारच्या जागी आहे.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट गटातली खनिजे भरपूर असतात. त्यांची रचना वहीच्या पानांसारखी. एकेक पान जेमतेम एक नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि दोन पानांमधला बंध फार दुबळा. पाण्याचे रेणू त्या फटीत शिरतात आणि पाने एकमेकांपासून दूर जातात. शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधली सगळी पाने पसरली तर ७०० ते ८०० चौरस मीटर क्षेत्र भरते. एवढ्या पृष्ठभागाला पाणी चिकटते म्हणूनच ही माती कपाशीला आणि रब्बी ज्वारीला इतकी मानवते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की तीच माती आकसते आणि शेतात पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात.

भरपूर वजन टाकले तर ती दबून राहील का? ६० मिलिमीटर जाडीच्या गट्टूंचे वजन दर चौरस मीटरला साधारण १४० किलो असते, तीन सेंटिमीटरच्या शहाबादी फरशीचे त्याच्या निम्मे. आणि काळ्या मातीचा फुगण्याचा दाब दर चौरस मीटरला अनेक टन असू शकतो. कुस्ती सुरू होण्याआधीच निकाल ठरलेला आहे.

माती किती फुगते हे वर्गात मोजता येते. त्याची पद्धत भारतीय मानकातच दिलेली आहे (भा. मा. २७२०, भाग ४०). माती वाळवून, कुटून मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. प्रमाणित चाळणी ४२५ मायक्रॉनची असते, पण तुलनेसाठी मैद्याची पुरे. दहा दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घाला. एकात १०० मिलिलिटरपर्यंत पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. काडीने ढवळून अडकलेली हवा जाऊ द्या आणि २४ तास हलवू नका. दुसऱ्या दिवशी खाली बसलेल्या मातीचे आकारमान दोन्हींत वाचा. समजा रॉकेलात ते १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ आले, तर फुगवटा ८० टक्के. तो ५० टक्क्यांच्या वर गेला की सावध व्हावे. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन घेऊन पाहता येईल. मात्र ज्योत जवळ नको, खिडक्या उघड्या हव्यात.

रॉकेलात माती का फुगत नाही? पाण्याच्या रेणूला विद्युतभाराची दोन टोके असतात, म्हणून ते पानांमधल्या भारित कणांना चिकटते. रॉकेलाच्या रेणूला तशी टोके नाहीत, त्यामुळे ते पानांच्या मध्ये शिरत नाही. टेबरचे बेंझीन आणि आपले रॉकेल ही जोडी मला फार आवडते. पाण्याच्या जागी दुसरा द्रव ठेवून पाहिले, आणि एका ठिकाणी कळले की गोठताना फुगण्याच्या गुणाला आपण उगाच सगळे श्रेय देत होतो, तर दुसऱ्या ठिकाणी कळले की पाण्यावाचून काही होतच नाही.

फुगवटा मधोमध का येतो हेही पाहण्यासारखे आहे. उघड्या जमिनीतले पाणी उन्हाने उडून जाते. वर फरशी किंवा कोबा घातला की मधल्या भागाचे झाकण लागते. कडांना पाणी येते आणि जाते, मध्यात मात्र आलेले पाणी साचून राहते. म्हणून मधला भाग हळूहळू वर येतो आणि कडा दर पावसाळ्यात वर, दर उन्हाळ्यात खाली होत राहतात. जवळ कडुनिंबासारखे मोठे झाड असेल तर त्याच्या मुळांकडची माती वेगळीच सुकते आणि तिथे फरशी खचते. आजीच्या काळातल्या सारवलेल्या अंगणाचा शहाणपणा इथे कळतो. ते झाकण घट्ट नव्हते आणि भेगा पडल्या तर शेणाचा नवा हात फिरवला की झाले. याउलट वेरूळच्या कैलास लेण्याचे अंगण उठत नाही, कारण खाली माती नाहीच, अखंड पाषाणच कोरून अंगण केले आहे.

आता माझी चूक. काळ्या मातीत मी दीड फुटाचा खड्डा खणला आणि तो खडीने भरला. पाण्याला बाहेर जायला वाट ठेवली नाही, कारण ताईच्या चित्रातली निचऱ्याची बारीक रेघ मी वाचलीच नव्हती. मातीचा खड्डा म्हणजे हौद, आणि खडीच्या पोकळ्यांत भरलेले पाणी म्हणजे त्या हौदातला साठा. गट्टूंच्या सांध्यांतून पावसाचे पाणी आत गेले आणि तळाच्या काळ्या मातीला चार महिने सावकाश पाजले गेले. थंड मुलखात जी खडी पाण्याची वाट तोडते, तीच आमच्याकडे पाणी पुरवत बसली. गवंडी म्हणाला, "मी मुरूम म्हणत होतो, तुम्ही नको म्हणाला." खरे होते. मुरूम मला जरा गावंढळ वाटला होता.

मुरमाच्या या गुणामागे आपल्याकडचे संशोधन आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घकाळ काम केले आणि १९७० च्या दशकात एक उपाय पुढे आणला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण कणांत चिकटपणा असलेल्या मातीचा थर दाबून घालायचा. असा सुमारे एक मीटरचा थर असेल तर खालच्या मातीची हालचाल वर जवळजवळ पोचत नाही. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली ही रीत वापरली जाते. नुसती वाळू घातली तर हे साधत नाही, कारण वाळूला चिकटपणाही नाही आणि ती पाणीही अडवत नाही. चांगला मुरूम या कामाला चालतो, पण प्रत्येक मुरूम चांगला नसतो. वरचा मोजपात्राचा प्रयोग मुरमावरही करून पाहावा.

अंगणासाठी मीटरभर खणणे परवडत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही गट्टू काढले (कोबा असता तर फोडून फेकावा लागला असता), अर्धा मीटर खणून मुरूम भरला. पंधरा पंधरा सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर बेताचे पाणी आणि धुम्मस. वर कच, मग तीच जुनी वाळू आणि तेच जुने गट्टू. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दर मीटरला दोन सेंटिमीटर. कडेला पक्का काठ, नाहीतर गट्टू बाजूला सरकतात आणि सांधे उघडतात.

सगळे अंगण मात्र पुन्हा झाकले नाही. दारापर्यंत चार फुटांची पायवाट आणि गाडीच्या चाकांसाठी दोन पट्टे एवढेच ठेवले. आमच्या शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर अंगणावर तो ७०,००० लिटर होतो. जायकवाडीचे पाणी सुमारे ५० किलोमीटरवरून, पंपांनी वर चढवून आणणाऱ्या शहराने एवढे पाणी गटारात सोडावे हे मला पटले नाही. उताराचे पाणी आता भिंतीपासून दूर, कुंपणाजवळच्या शोषखड्ड्यात जाते. तो काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत नेला आहे. काळ्या मातीतच थांबवला असता तर तोही दुसरा हौद झाला असता. उघड्या जमिनीमुळे मे महिन्यातल्या संध्याकाळी अंगण लवकर निवते, हा फायदा मी आधी धरलाच नव्हता.

त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत पायवाट सरळ राहिली. एक कोपरा तेवढा बोटभर वर आला. शाळांतही पाण्याच्या टाकीजवळचीच फरशी आधी का उठते याचे उत्तर मला तिथे मिळाले. बागेचा नळ त्या कोपऱ्यात आहे आणि त्याचा वायसर बदलायचा राहून गेला होता. आई अजूनही तिथून भिंतीला हात लावून जाते.