ओमाहा पोकर : तयार जुळणी आणि मोठा ड्रॉ

ओमाहा हा पत्त्यांच्या पोकर या खेळाचा एक प्रकार आहे. अमेरिकेतील लास व्हेगास येथील कॅसिनोंतून तो १९८० च्या दशकात प्रचारात आला. भारतात गोव्यातील कॅसिनोंमध्ये तो खेळला जातो. तयार झालेली भक्कम जुळणी आणि प्रतिस्पर्ध्याचा मोठा ड्रॉ (अद्याप पूर्ण न झालेली, पण अनेक पानांनी पूर्ण होऊ शकणारी जुळणी) यांचा सामना हा या प्रकारातील सर्वांत अवघड प्रसंग मानला जातो.

नियम

प्रत्येक खेळाडूला चार पाने मिळतात. पटावर सर्वांसाठी प्रथम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) व शेवटी एक (रिव्हर) अशी पाच पाने उघडली जातात. खेळाडूने हातातील नेमकी दोन व पटावरील नेमकी तीन पाने घेऊन जुळणी करावयाची असते. पॉट-लिमिट पद्धतीत पॉटमध्ये जमलेल्या रकमेपेक्षा मोठी पैज लावता येत नाही.

उदाहरण

फ्लॉपवर इस्पिक नव्वी, बदाम अठ्ठी आणि इस्पिक दुर्री आली आहे, असे समजू. पहिल्या खेळाडूकडे बदाम व चौकट नव्वी आणि किलवर एक्का व तिर्री आहे; म्हणजे त्याची तीन नव्व्यांची जुळणी तयार आहे. दुसऱ्याकडे इस्पिक गुलाम व दश्शी आणि चौकट सत्ती व छक्की आहे. त्याच्याकडे अद्याप एक जोडीही नाही.

उरलेल्या ४१ पानांपैकी राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की किंवा पंजी अशी २० पाने दुसऱ्याचा सलग क्रम (स्ट्रेट) पूर्ण करतात. शिवाय इस्पिकची आणखी चार पाने त्याचा रंग (फ्लश) पूर्ण करतात. पुढील दोन पानांच्या एकूण ८२० जोड्या संभवतात. त्यांपैकी ४८४ जोड्यांत, म्हणजे सुमारे ५९ टक्के वेळा, दुसरा खेळाडू जिंकतो. आज पुढे असलेली जुळणी अशा प्रकारे प्रत्यक्षात मागे असते.

जोडपानांचे महत्त्व

पहिल्या खेळाडूकडे नव्व्यांसोबत किलवर एक्का व तिर्रीऐवजी इस्पिक एक्का व राजा असल्यास चित्र पालटते. इस्पिकचे पान आले तर आता त्याचाच रंग मोठा ठरतो आणि त्याची जिंकण्याची शक्यता सुमारे ४१ वरून ६३ टक्क्यांवर जाते. म्हणून अनुभवी खेळाडू केवळ तयार जुळणीचे बळ पाहत नाहीत. ती मागे पडल्यास पुन्हा सावरण्याची सोय सोबतच्या पानांत आहे का, हेही पाहतात.

पैजेचे गणित

प्रतिस्पर्ध्याने पॉटएवढी पैज लावल्यास ती स्वीकारणाऱ्याला किमान एकतृतीयांश वेळा जिंकणे आवश्यक असते. टर्ननंतर ४० पाने उरतात. १३ पानांचा ड्रॉ असणाऱ्याची शक्यता तेव्हा ३२.५ टक्के असते, म्हणजे पैज स्वीकारणे त्याला किंचित तोट्याचे ठरते. वरील उदाहरणात मात्र टर्नवर बदाम राजासारखे निरुपयोगी पान आले, तरी दुसऱ्याकडे २३ पाने, म्हणजे ५७.५ टक्के शक्यता उरते. अशा ड्रॉला मोठ्या पैजेने हटवता येत नाही. तेथे तयार जुळणीवर सर्व रक्कम लावणे हे बळाचे नव्हे, तर हिशेब न केल्याचे लक्षण ठरते.

कौशल्य की नशीब?

निर्णय गणिताने घेता येतो, निकाल मात्र न उघडलेल्या पानांच्या हाती असतो. न्यायालयांपुढील वादही याच मुद्द्यावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरवला, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार मानले. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातील १९९२ व त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे कॅसिनोंना परवानगी मिळाली. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू असून केवळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले आहेत. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली.