काचेच्या पेटीबाहेरची आई

वस्तीत कुणी बाळंत झाली की पहिला प्रश्न एकच असतो, "बाळ-बाळंतीण सुखरूप ना?" पण कधी कधी बाळंतीण घरी येते आणि बाळ येत नाही. ते एनआयसीयूत, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत असते. आई रिकाम्या हाताने चाळीचा जिना चढते. शेजारणी दारात येतात, काय बोलावे ते कुणालाच सुचत नाही. मग कुणीतरी म्हणते, "रडू नकोस, दूध आटेल." बाई रडणे गिळते आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडते.

या अंकात आम्ही या बाईबद्दल लिहीत आहोत. तिच्या नवऱ्याबद्दल, सासूबद्दल आणि त्या बाळाजवळ रात्रभर उभ्या असणाऱ्या सिस्टरबद्दलही लिहीत आहोत. बाळावर औषधोपचार होतात. या माणसांच्या मनावर पडलेल्या भाराचे काय, हा आमचा प्रश्न आहे.

पेटीत बाळ का ठेवतात?

37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे. जन्माच्या वेळी वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचे. अशा बाळांपैकी काहींना श्वास घेणे, दूध ओढणे, अंग गरम ठेवणे जमत नाही. पूर्ण दिवसांचे बाळही जन्मल्यावर रडले नाही, जंतुसंसर्ग झाला किंवा कावीळ वाढली तर तेथे जाते.

आत पाऊल टाकल्यावर आईबापांना धडकी भरते ती यंत्रांनी. म्हणून थोडे समजून घेऊ. नाकाला लावलेली नळी फुप्फुसे मिटू नयेत म्हणून हवेचा दाब देते. तोंडातून किंवा नाकातून पोटात गेलेली बारीक नळी दुधासाठी असते. निळा उजेड काविळीसाठी असतो आणि डोळ्यांवरची पट्टी त्या उजेडापासून जपण्यासाठी. पडद्यावरचा एक आकडा हृदयाच्या ठोक्यांचा. बाळाचे ठोके मिनिटाला 120 ते 160 असतात, मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट. ते पाहून घाबरू नये. यंत्र वाजले म्हणजे प्रत्येक वेळी बाळ संकटात असते असे नाही. पुष्कळदा पायाची वायर सरकलेली असते. अपुऱ्या दिवसांचे बाळ मध्येच श्वास घ्यायचे विसरते, सिस्टर तळपायाला टिचकी मारतात आणि ते पुन्हा श्वास घेते. हे आधी कुणी सांगितले असेल तर आई उभी राहू शकते. सांगितले नसेल तर ती प्रत्येक आवाजाला मनातून एकदा मरते. मानसिक आधार येथूनच सुरू होतो. समजेल अशा भाषेत, रोज, एकाच माणसाने सांगणे हा मोठा आधार आहे.

दोष कुणाचा?

अशा आईच्या मनात पहिला विचार येतो, "माझंच काहीतरी चुकलं." मी हंडा उचलला, मी शेवटपर्यंत कामावर गेले, मी नीट खाल्ले नाही. त्यात घरचे भर घालतात. ग्रहणात बाहेर पडली होती. दृष्ट लागली. पाचवी पुजली नाही म्हणून सटवी कोपली. सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही.

यातले काहीही खरे नाही. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्यापेक्षा जास्त असते, कारण त्याची फुप्फुसे अधिक तयार असतात. दिवस अपुरे राहण्याची कारणे रक्तदाब, जुळे, संसर्ग, रक्तक्षय अशी असतात आणि अनेकदा डॉक्टरांनाही नेमके कारण सापडत नाही. आपण अंगारे-धुपारे सोडले, पण संकटात जुनी भीती मागल्या दाराने घरात शिरते. बाईला दोष देणारे वाक्य हा त्याच अंगाऱ्याचा दुसरा प्रकार आहे. ते घरात कुणी बोलू नये.

रडू येणे आणि आजारी पडणे

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक स्त्रियांना होते आणि ओसरते. दोन आठवडे उलटूनही मन उदास, झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, बाळाकडे पाहावेसेही वाटत नाही, असे असेल तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. तो नखरा नव्हे आणि कमजोरीही नव्हे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे 23 टक्के मातांना नैराश्य असल्याचे तीत आढळले. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण यांचा त्याच्याशी संबंध दिसला. ज्यांचे बाळ अतिदक्षता विभागात असते त्यांच्यावरचा भार त्याहून जास्त असतो.

बाप मात्र कुणाच्या हिशेबातच नसतो. तो जिन्यावर बसतो, औषधे आणतो, रक्ताची सोय करतो, खाडा झाला म्हणून मुकादमाचा फोन घेतो. त्याला कुणी विचारत नाही, "तू जेवलास का?" काही जण त्या दिवसांत दारूकडे वळतात. त्यालाही बोलायला माणूस हवा.

आईला आत घेतले तर

पूर्वी समज असा होता की आईला आत घेतले की जंतू येतील. अनुभव उलट निघाला. 1979 साली एस्टोनिया देशात टॅलिन येथे डॉ. आदिक लेविन यांनी सिस्टर कमी पडतात म्हणून आईलाच आत घेतले व बाळाचे करायला शिकवले. त्याच सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या कमी होत्या म्हणून बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधण्याची पद्धत सुरू झाली. तीच कांगारू पद्धत. दोन्ही गोष्टी टंचाईतून आल्या, पण श्रीमंत देशांनीही त्या उचलल्या.

आपल्यालाही दूर पाहायला नको. माटुंगा लेबर कॅम्पातून चालत जाण्याइतके जवळ सायनचे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालय आहे. तेथे डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 27 नोव्हेंबर 1989 रोजी आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्या आईला दूध जास्त येते ती देते. ते दूध तपासून, ठरावीक उष्णता देऊन जंतुरहित करतात आणि ज्या बाळाच्या आईला दूध येत नाही किंवा जी स्वतः आजारी आहे तिच्या बाळाला देतात. "मला दूध येत नाही, म्हणजे मी कसली आई?" या विचाराने खचलेल्या बाईला हा केवढा दिलासा! दूध देणाऱ्या बाईची जात तेथे कुणी विचारत नाही आणि पिणाऱ्या बाळाचीही नाही.

2021 साली भारतासह पाच देशांतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक किलो ते 1.8 किलोच्या आतल्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवले आणि आईची खाट अतिदक्षता विभागातच लावली. पहिल्या 28 दिवसांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण 15.7 टक्क्यांऐवजी 12 टक्के राहिले. म्हणजे आईचा मायेचा स्पर्श हा उपचारच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये दिवसाचे 8 ते 24 तास, जितके जमेल तितके, असे करायला सांगितले. आईबापांना समुपदेशन व शिक्षण द्यावे असेही त्यात आहे.

पद्धत साधी आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपी व मोजे. आईच्या छातीच्या मध्यभागी उभे धरायचे, मान एका बाजूला, नाक मोकळे, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून कापड बांधायचे. एका वेळी निदान एक तास. आई आजारी असेल तर बापाने किंवा आजीने हे करावे. सुरुवात मात्र डॉक्टर-सिस्टरांना विचारूनच. ज्या बापाने एकदा बाळ छातीशी धरले, तो दुसऱ्या दिवशी जिन्यावर बसून राहत नाही.

सिस्टर, मावशी, डॉक्टर

आता नाण्याची दुसरी बाजू. चाळीस दिवस जिला नळीने दूध पाजले ते बाळ पहाटे जाते. सिस्टर त्याला पुसते, गुंडाळते, आईच्या हातात देते. थोड्याच वेळात त्याच जागी दुसरे बाळ येते. रडायला वेळ नसतो. ड्युटी संपल्यावर ती लोकल पकडून घरी जाते आणि स्वतःच्या मुलाचा डबा भरते. असे वर्षानुवर्षे झाले की माणूस आतून कोरडा पडतो. चिडतो, तुटक बोलतो, कशाचे काही वाटेनासे होते. कामाच्या अशा ताणाने येणारी ही अवस्था जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात कामाशी निगडित समस्या म्हणून नोंदवली.

या सिस्टर, आयाबाई, सफाई कामगार पुष्कळदा आपल्याच घरांतल्या लेकीसुना आहेत. त्यांना काय हवे? मृत्यू झाल्यावर सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसून बोलणे. अवघड बाळांची ड्युटी आलटून पालटून देणे. वरिष्ठांनी सर्वांसमोर न ओरडणे. समुपदेशक उपलब्ध असणे आणि त्या बैठकीत लादी पुसणाऱ्या मावशीलाही जागा असणे, कारण तिनेही ते बाळ पाहिलेले असते. पुरेशी माणसे नेमणे हा तर पहिला आधार. एका सिस्टरकडे झेपेनात इतकी बाळे असतील तर नुसत्या समुपदेशनाने काही होणार नाही.

नातेवाइकांनीही काही गोष्टी पाळाव्यात. घरातून एकानेच प्रश्न विचारावेत. डॉक्टरांच्या ठरलेल्या वेळी विचारावेत, आधी कागदावर लिहून न्यावेत. सिस्टरांना नावाने हाक मारावी. याचा अर्थ अपमान सोसावा असा नाही. कुणी तुच्छतेने बोलले, माहिती दिली नाही, तर तारीख-वेळ लिहून लेखी तक्रार करावी. हात उगारू नये. हात उगारला की आपली खरी तक्रारही बाजूला पडते.

बाळ गेले तर

हे लिहिणे जड जाते, पण लिहिलेच पाहिजे. सगळी बाळे घरी येत नाहीत.

बाबासाहेब आणि माता रमाई परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. त्यांची चार लेकरे गेली. राजरत्न 1926 साली गेला. त्यानंतर मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात, आपण व पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असे सोंग करण्यात अर्थ नाही, अशा आशयाचे बाबासाहेबांनी लिहिले. एवढा कणखर माणूस, पण त्यांनी दुःख लपवले नाही. मग आपण आपल्या लेकीला "विसरून जा, दुसरं होईल" असे का सांगतो?

किसा गोतमीची कथा आपण विहारात ऐकतो. ज्या घरी कुणी मेले नाही तेथून मोहरी आण, असे भगवंतांनी तिला सांगितले. आपण या कथेतून अनित्यता शिकतो, ते बरोबरच आहे. पण आणखी एक पाहा. त्यांनी तिला आधी प्रवचन दिले नाही. त्यांनी तिला माणसांच्या दारात पाठवले. प्रत्येक दारात कुणीतरी आपले दुःख तिला सांगितले आणि तिचे ऐकले. म्हणून दुसऱ्याच दिवशी बाईला "सर्व काही अनित्य आहे" असे ऐकवू नये. तिच्याजवळ बसावे.

आईला बाळ पाहायचे, हातात घ्यायचे असेल तर घेऊ द्यावे. नको असेल तर आग्रह करू नये. नाव ठेवले असेल तर ते नाव घ्यावे. बापालाही रडू द्यावे. आणखी एक गोष्ट घरात कुणी सांगत नाही. बाळ गेले तरी छातीत दूध उतरते, छाती दाटते, दुखते. शरीराला बातमी कळलेली नसते. घट्ट पण न आवळणारी चोळी, गार पाण्याच्या घड्या याने उतार पडतो. ताप आला, छाती लाल झाली तर डॉक्टरांकडे जावे.

वस्ती काय करू शकते?

पैशाची चिंता ही मनाची अर्धी चिंता असते. जून 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे व तपासण्या मोफत आहेत. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटावे. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि 1929 साली कायदा झाला. पण घरकाम करणाऱ्या आपल्या बाईला आजही ती पगारी रजा मिळत नाही. महिला मंडळाने अशा घराला महिनाभर डबा पुरवला, मोठी मुले सांभाळली, रुग्णालयात पाळीपाळीने सोबत दिली, तर तो खरा आधार होईल. ज्या बाईचे बाळ पेटीतून बरे होऊन आज शाळेत जाते, तिने नव्या आईला भेटावे. तिच्या चार शब्दांना जे वजन आहे ते आमच्या लेखाला नाही.

उदासी दोन आठवड्यांवर गेली तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येते आणि बापाला, सिस्टरलाही चालतो. बाई स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे बोलू लागली, कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणाली, तर तिला क्षणभरही एकटी सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हा आजार औषधाने बरा होतो.

पुढच्या वेळी कुणी रिकाम्या हाताने जिना चढताना दिसली, तर "रडू नकोस" म्हणू नका. बाळाचे आज वजन किती भरले, ते विचारा. मग तिच्या शेजारी बसा आणि ती सांगेल ते ऐका.

जय भीम.