सरळ रेष आणि खारा वारा

यूटीएमवर माइल्ड स्टीलची सळई ओढून आपण सगळ्यांनीच जर्नलमध्ये तो ग्राफ काढलाय. आधी सरळ रेष, मग यील्ड पॉइंट, मग सळईची मान बारीक होते आणि धाड्! सरळ रेषेपर्यंत हूकचा नियम चालतो. भार काढला की सळई मूळ लांबीवर येते. ही लवचिकता फार थोडी असते. यील्ड स्ट्रेस २५० न्यूटन प्रति चौ. मिमी धरला, तर एक मीटर सळई जेमतेम सव्वा मिलिमीटर ताणते. त्यापुढे गेली की पूर्ववत होणे नाही.

पण मित्रांनो, लॅबमधली सळई नवी कोरी असते. समुद्रकाठी काय होतं ते मालवणात पाहायला मिळालं.

राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या सुमारे ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. पुरते नऊ महिनेही झाले नव्हते! वारा ताशी ४५ किमी होता, असं सांगितलं गेलं.

चला, गणित करू. वाऱ्याचा दाब = ०.६ × वेगाचा वर्ग. ताशी ४५ किमी म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर, दाब सुमारे ९४ न्यूटन प्रति चौ. मीटर. आयएस ८७५ शेजारच्या पणजीसाठी मूळ वेग ३९ मीटर देतो. त्याचा दाब सुमारे ९१२. म्हणजे जवळजवळ दहापट! मग सगळा दोष वाऱ्याला कसा द्यायचा?

पुतळ्याचे नट-बोल्ट गंजत असल्याचं सार्वजनिक बांधकाम खात्याने आधीच नौदलाला कळवलं होतं. गंजाने काय होतं? समजा, २० मिमीचा बोल्ट आहे. यील्ड होईपर्यंत तो सुमारे ८ टन ओढ सोसेल. गंजाने चहूबाजूंनी २ मिमी खाल्लं, तर व्यास १६ मिमी आणि ताकद ५ टन. व्यास घटला २० टक्के, ताकद ३६ टक्के! शिवाय प्रत्येक झोताला बोल्ट ताणतो, सुटतो. कोरड्या हवेत एका मर्यादेखालचा असा ताण पोलाद कितीही वेळा सोसतं. खाऱ्या दमट हवेत ती मर्यादाच उरत नाही. गंजाच्या खड्ड्यातून तडा सुरू होतो.

मे २०२५ मध्ये तिथे नवा, ६० फुटी पुतळा उभा राहिला. आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचा आहे. पण देखभाल त्यालाही चुकलेली नाही.

उद्या आपल्यातलाच कुणीतरी साइटवर बोल्ट तपासून सही करणार आहे. तेव्हा ग्राफ आठवाच, पण आधी गंज बघा!